नव्या कपड्यांच्या खिशातले मासे

मास्तरांकडे कपडे शिवायला टाकले की दोन गोष्टी हमखास मिळत. एक, कबूल केलेल्या दिवसाच्या पुढचा दिवस. आणि दुसरी, नव्या कपड्याच्या खिशात खाकी कागदाची चौकोनी चिठ्ठी. चिठ्ठीवर मासळीची एखादी कृती असे, आणि त्या कृतीत भात, पाव, बटाटा, पीठ, साखर यातलं काही म्हणजे काही नसे. नवखं गिऱ्हाईक बिचकायचं. बस चालवणारा एक जण तर चिठ्ठी घेऊन उलट पावली परत आला होता.

"मास्तर, कुणाचा तरी कागद राहिला माझ्या पँटीत. लसूण-लोण्यातली कोळंबी म्हणे."

"राहिला नाही, ठेवलाय," मास्तर टेप गळ्यात अडकवत म्हणाले. "करून बघा आणि मला सांगा. फक्त जास्त शिजवू नका, आक्रसते. सुती पँट पहिल्या धुण्याला आक्रसते ना, तशी."

मास्तर शिंपी होते. दुकान रस्त्याला लागून, मागे पडदा, पडद्यामागे स्वयंपाकघर, आणि जिना चढून दोन खोल्या. वय साठीच्या पुढे गेलेलं, पण चौकसपणा लहान पोराचा. छातीचं माप घेता घेता समोरच्याच्या सासरपर्यंतची चौकशी उरकायची आणि बाहीच्या मापाला त्याच्या मेहुण्याची नोकरी विचारून घ्यायची, ही त्यांची रीत. मात्र पडद्यामागच्या स्वयंपाकघराबद्दल त्यांना जन्मात कुतूहल वाटलं नव्हतं. मिठाचा डबा कुठला आणि साखरेचा कुठला, हे त्यांना बोट घालून चाखून ठरवावं लागे. तिथे वहिनींचं राज्य होतं.

वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. हे नाव गिऱ्हाइकांनीच दिलेलं. कोट बेतायचे आणि शिवायचे मास्तर, पण काजं करायच्या वहिनी. हाताने, रेशमी दोऱ्याने, टाक्याला टाका लावून. यंत्रावर काजं करून देणारे त्या रस्त्याला पुष्कळ होते. तरी ज्याला कोटातलं कळतं तो वहिनींचीच काजं मागायचा. मास्तरांना हे ठाऊक होतं आणि थोडं झोंबतही होतं. आयुष्यभर कोट त्यांनी शिवले आणि लोक कौतुक करणार काजांचं!

मग वहिनींच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. एकात नाही, दोन्हींत. आधी सुईत दोरा ओवेनासा झाला, मग रंग ओळखू येईनात, मग एक दिवस त्यांनी करड्या कोटाची काजं तपकिरी दोऱ्याने केली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त तपासायला पाठवलं, आणि कागद पाहून मान हलवली.

"शस्त्रक्रिया सोपी आहे. पण रक्तातली साखर एवढी असताना मी डोळ्याला हात लावणार नाही. जखम चिघळली तर आहे तेही दिसायचं जाईल. गोळ्या चालू ठेवा, आणि भात, पाव, बटाटा, गोड, सगळं आवरा. मासे खा, अंडी खा, भाज्या खा. साखर उतरली की लगेच करू. पण फार वेळ काढू नका, मोतीबिंदू पिकत चाललाय."

 दवाखान्यातून घरी आल्यावर वहिनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबल्या. "अहो, हात चालतायत तोवर मी आहे. नुसतं बसून राहायचं असेल तर मला नाही जमणार ते."  मास्तर आतून पार घाबरले होते.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी दोन कामं अंगावर घेतली. पहिलं उघड होतं: सकाळी दुकान झाडून झालं की सुयांत वेगवेगळ्या रंगांचे दोरे ओवून त्या उशीत टोचून ठेवायच्या, डावीकडून काळा, करडा, निळा, तपकिरी, म्हणजे वहिनींना न विचारता काम करता येईल. दुसरं चोरून होतं. वहिनी दुपारी जेवून पडल्या की मास्तर त्यांनी केलेली काजं हळूच उसवायचे आणि स्वतः पुन्हा करायचे. कारण वहिनींचे टाके आता चढउतार करू लागले होते, आणि गिऱ्हाईक बोललं असतं तर त्या खचल्या असत्या. मास्तरांचा काजाचा हात आधीच यथातथा. पण टाके निदान सरळ रेषेत तरी पडत, असं त्यांचं त्यांना वाटे.

आणि तिसरं काम, स्वयंपाक. ते कुणी दिलं नव्हतं, ओढवलं होतं. वहिनींना भात शिजला की नाही हे डोळे मिटून कळायचं, पण भाताशिवाय काय शिजवायचं हे डोळे उघडे ठेवूनही सुचत नव्हतं. त्या उकडलेला मासा आणि उकडलेली भाजी ताटात वाढायच्या आणि दोन घास खाऊन हात धुवायच्या. "हे जेवण नाही, औषध आहे," म्हणायच्या. अर्धपोटी बाई दुपारी चोरून काहीतरी खाईल, ही भीती मास्तरांच्या मनात तेव्हाच शिरली. तेव्हा त्यांनी पडदा सारला आणि बाह्या सरसावल्या.

कपड्यात मास्तरांचा एक नियम होता. कुठलाही कपडा समजून घ्यायचा तर तो उसवून बघायचा. अस्तर कशाला, कॅनव्हास कशाला, ही चिंधी आतून कुणी आणि का लावली? कृतींनाही त्यांनी तेच लावलं. कुणी सांगितलं की माकूळ मासळी कापून पिठात घोळवून तळतात, की मास्तर विचारायचे, "पीठ तिथे काय काम करतं?" माणूस गोंधळायचा. आयुष्यभर पिठात घोळवलं, पण पिठाला काम विचारलं नव्हतं. "कुरकुरीत करतं," तो शेवटी म्हणायचा. "मग कुरकुरीत आणखी कशाने होतं?" अशाने अंडं लावून तिळात घोळवलेली माकूळ निघाली. माशाच्या वड्यांत बटाटा काय करतो? धरून ठेवतो. मग अंडं धरेल, किसलेला दुधी पिळून घातला तर तोही धरेल. रश्शाखाली भात काय करतो? रस्सा पितो. रस्सा तर फुलकोबीचा कीसही पितो, परतला तर बरा पितो. वांग्याचे लांब पातळ काप तव्यावर मऊ करून त्यात मिरीलिंबू लावलेला मासा गुंडाळला, ही तर त्यांची स्वतःची बेतणी. गुंडाळी सुटू नये म्हणून त्यांनी पहिल्यांदा टाचण्या लावल्या होत्या. वहिनींनी आधी हाताने चाचपलं म्हणून बरं झालं.

"अहो, मला जेवायला घालताय की माप घेताय?" वहिनी म्हणाल्या. पण त्या हसल्या होत्या, आणि कितीतरी दिवसांनी ताट रिकामं झालं होतं.

त्या आनंदाच्या भरात मास्तरांनी वांग्यातल्या माशाची कृती बेतकामाच्या खाकी कागदावर लिहिली आणि एका शाळेतल्या गाण्याच्या बाईंच्या ब्लाऊजबरोबर दिली. बाईंनी आठवड्यात कृती करून पाहिली आणि बदल्यात आपली सांगितली: शिंपल्या टोमॅटो-लसणात, झाकण ठेवून, त्यांच्याच पाण्यात. मग हे लोण पसरतच गेलं! दुकानात येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन जाऊ लागला आणि काहीतरी देऊन जाऊ लागला. "छाती बेचाळीस," मास्तर ओरडायचे, "आणि नारळाच्या दुधात आंबट काय घालता तुम्ही?" कापडापेक्षा कोळंबीची चर्चा जास्त. शेजारचा बेकरीवाला दारात उभा राहून कुरकुरायचा, "मास्तर, या रस्त्यावर आता पाव कोण खाणार हो? तुम्ही तर माझ्या पोटावर पाय दिला." मास्तर त्याला म्हणायचे, "तू ये, तुला पण एक चिठ्ठी देतो."

सगळं छान चाललं होतं, आणि तेवढ्यात काटा आडवा आला. अक्षरशः. वहिनींना दिसत नव्हतं. बांगड्याचा एक बारीक काटा घशात रुतला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. काटा निघाला, पण त्या दिवसापासून वहिनी प्रत्येक घास जिभेवर घोळवू लागल्या, मग घास लहान झाले, मग पुन्हा दोन घासांवर आल्या. कोळंबी तेवढी निर्धास्त खायच्या, पण रोज कोळंबी म्हटल्यावर कुणीही कंटाळेल.

मास्तर बिनकाट्याचं काही शोधत एका मोठ्या दुकानात गेले, जिथे थंडगार कपाटांत सगळं पाकीटबंद असतं. तिथे त्यांना ते पाकीट दिसलं. वर नांग्या उगारलेला लालभडक खेकडा. आत पांढऱ्या-गुलाबी कांड्या, सोललेल्या, एकसारख्या, ना कवच ना काटा. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी त्या लोण्यात परतल्या, वर मिरी आणि लिंबू. वहिनींनी पहिला घास घेतला, थांबल्या, दुसरा घेतला.

"खेकडा आहे," मास्तर म्हणाले. "सोलून आणलाय. बिनधास्त खा."

"हो का?" वहिनी म्हणाल्या. "गोड आहे." आणि सगळं खाल्लं.

मग काय विचारता! सकाळी खेकडा अंड्यात, दुपारी खेकडा फुलकोबीत, कधी काकडीबरोबर नुसताच. मासेवालीला मात्र मास्तरांनी हे कळू दिलं नाही. बाजारातल्या मासेवालीला सगळे मावशी म्हणत, आणि मावशीचा राग सगळ्यांना माहीत होता. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. रोज कोळंबी घ्यायची तर मावशीशीही करू नये. तिच्याकडून ते थोडीफार कोळंबी घेत राहिले आणि पाकिटाबद्दल चकार शब्द काढला नाही. खिशातल्या चिठ्ठ्यांवर मात्र खेकड्याची कृती पाकिटाच्या खुणेसकट जाऊ लागली.

पुन्हा रक्त तपासायची वेळ आली. पहिल्या खेपेला, वांग्या-तिळांच्या दिवसांत, साखर बरीच उतरली होती. आता आणखी उतरेल म्हणून मास्तर नवा सदरा घालून गेले. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि चष्मा काढला.

"चढलीय पुन्हा. काय खाताय?"

"मासे," मास्तर म्हणाले. "नुसते मासे."

"नुसत्या माशांनी अशी चढत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी गोळी वाढवली, आणि सरळच सांगितलं, "पुढच्या तपासणीला उतरली नाही तर आपल्या हातून वेळ जाईल."

मास्तरांचं डोकं फिरलं. माशांत साखर नाही, अंड्यात नाही, भाजीत नाही. मग राहिलं कोण? त्याच दिवशी त्यांना केराच्या टोपलीत बेकरीची कागदी पिशवी दिसली. झालं. चौकस माणसाला संशय आला की त्याचं चौकसपण जाऊन फक्त वास काढणं उरतं.

"खरं सांग," ते वहिनींना म्हणाले. "पाव खातेस ना मी नसताना?"

वहिनी काज करत होत्या. सुई तशीच राहिली. "पिशवी म्हणताय का? ती गाण्याच्या बाईंनी बटणं घालून आणली होती." मग म्हणाल्या, "मला दिसत नाही म्हणून मी चोर झाले होय? लावा मग तोंडाला कुलूप." त्यांनी सुई उशीत टोचली, चुकीच्या रंगाच्या जागी, आणि जिना चढून गेल्या. दुपारी जेवल्या नाहीत.

मास्तर तणतणत बेकरीवाल्याकडे गेले. तिकडे शोभा करून घ्यायची तेवढी बाकी होती.

"माझी बायको तुझ्याकडे येते की नाही?"

"येतात की," बेकरीवाला म्हणाला. "पाव निघायच्या वेळी येतात. इथे दारात उभ्या राहतात, वास घेतात आणि जातात. मी एकदा गरम तुकडा पुढे केला, तर हात मागे घेतला त्यांनी. म्हणाल्या, वासात साखर नसते ना रे? मी म्हटलं नसते. का हो, असते का?"

मास्तर परत आले ते खाली मान घालून. एवढी खाण्याची हौस असलेली बाई रोज पावाच्या दारात उभी राहून परत फिरते, आणि आपण तिला चोर म्हटलं. त्यांना स्वतःचीच शिसारी आली. पण मनातला किडा गेला नव्हता. पाव नाही, तर मग साखर येते कुठून?

वहिनी उपाशी होत्या. निदान त्यांचं आवडतं करावं म्हणून मास्तरांनी खेकड्याचं पाकीट काढलं. कात्री मोठी बेतायची, मन थाऱ्यावर नाही. पाकीट कापताना अंगठ्यालाच लागलं. दुकानात सुया-कात्र्यांमुळे जखमेवर लावायच्या टिंक्चर आयोडीनची बाटली नेहमी हाताशी असे. मास्तरांनी अंगठ्यावर टिंक्चर ओतलं, चुरचुरलं तेव्हा फुंकर घातली आणि ओल्या अंगठ्यानेच कांडी उचलली.

कांडीवर डाग पडला. टिंक्चर तपकिरी असतं. डाग निळा-काळा होता.

मास्तर बघतच राहिले. तो रंग त्यांच्या ओळखीचा होता. पोरवयात ते ज्या उस्तादांकडे शिकले, त्यांची एक युक्ती होती. कापडवाले विरळ कापडाला खळ पाजून जाडजूड भासवायचे. हाताला भरदार लागे, आणि एक धुणं झालं की पोतेरं. उस्ताद थानाच्या कोपऱ्यावर टिंक्चरचा थेंब सोडायचे. तपकिरी राहिला तर कापड खरं. निळा-काळा झाला तर खळ. म्हणजे पीठ.

मास्तरांनी दुसऱ्या कांडीवर थेंब सोडला. काळा. मग कोळंबीवर सोडला, तपकिरी. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यावर, तपकिरी. फुलकोबीवर, तपकिरी. बेकरीवाल्याकडे धावत जाऊन पावाचा तुकडा आणला, त्यावर सोडला: काळाकुट्ट. तो बिचारा मागोमाग बघायला आला आणि म्हणाला, "मास्तर, अन्नावर शाई का ओतताय?" मास्तरांना ऐकायला सवड नव्हती. ते तसेच बाजारात गेले आणि मावशीच्या खेकड्याची एक नांगी मागून फोडली. थेंब तपकिरी तो तपकिरी.

"काय चाललंय?" मावशीने कमरेवर हात ठेवले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मास्तरांनी खिशातली कांडी तिच्या पाटावर ठेवली. मावशीने ती नाकाशी धरली, दोन बोटांत चुरडली आणि मोठ्याने हसली. "याला खेकडा म्हणता? माशाचा लगदा, पीठ आणि साखर! खेकडा फक्त पाकिटावर असतो. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. मला विचारलं असतं तर सांगितलं नसतं का?"

मास्तरांनी घरी येऊन भिंगातून पाकिटाच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली. मावशी म्हणाली तेच तिथे लिहिलं होतं, फक्त हसू नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. साऱ्या रस्त्याला विचारत सुटले होते की पीठ इथे काय काम करतं, आणि जे पीठ स्वतःच्या हाताने दोन वेळा वाढलं त्याला एकदाही विचारलं नाही.

ते जिना चढून वर गेले. वहिनी खिडकीशी पाठमोऱ्या बसल्या होत्या.

"पाव तू खात नव्हतीस," मास्तर म्हणाले. "मीच वाढत होतो. तो खेकडा खेकडा नव्हता. पीठ आणि साखर होतं त्यात. चुकलो मी."

वहिनींनी तोंड खिडकीकडून इकडे वळवलं. मग म्हणाल्या, "खेकडा नव्हता हे मला पहिल्या घासालाच कळलं होतं."

"काय?"

"डोळे गेलेत, जीभ नाही गेली. पण पीठ असेल असं नव्हतं वाटलं हो. मला वाटलं कुठला तरी स्वस्तातला मासा असेल."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती खूश होता," वहिनी म्हणाल्या. "काटा लागल्यापासून तुमचा चेहरा दिसत नसला तरी आवाजावरून कळत होतं, घाबरलेला होता. त्या दिवशी पहिल्यांदा आवाज हसला. म्हटलं, असू दे खेकडा."

 मास्तरांनी कापलेल्या अंगठ्याला चिंधी गुंडाळली होती, ती उगाच नीट करायला घेतली. वहिनींनी हात पुढे केला आणि चाचपत तिची गाठ घट्ट बांधून दिली. मग म्हणाल्या, "भूक लागलीय."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दुकानाला कुलूप लावलं आणि चिठ्ठ्या परत मागायला निघाले. शिंपी दारात येऊन खिसा मागतो हे दृश्य रस्त्याने पहिल्यांदाच पाहिलं. कुणी चिठ्ठी हरवली होती, कुणी खरा खेकडा आणून केलं होतं, कुणाची पँटीबरोबर धुऊन निघाली होती. बस चालवणाऱ्याने मात्र पाकीट आणलं होतं, आणि त्याच्या आईलाही साखरेचा त्रास होता. मास्तर त्याच्या स्वयंपाकघरात उभे राहून म्हाताऱ्या आईला हात जोडून सगळं सांगून आले. जाताना टिंक्चरची छोटी बाटली देऊन आले, आणि बजावलं की ज्यावर थेंब टाकाल तो घास खायचा नाही, तो केरात.

काट्याचा प्रश्न उरलाच होता. त्यावरचा तोडगाही कपड्यातूनच निघाला. शिवून झालेल्या कोटात टाचणी राहिली तर गिऱ्हाइकाला टोचते, म्हणून मास्तर देण्याआधी कोटाच्या अंगावरून डोळे मिटून बोटांची टोकं फिरवायचे. डोळ्यांना न दिसणारी टाचणी बोटाला लागते. आता ते तशीच बोटं माशावरून फिरवू लागले. काटा लागला की बारीक चिमट्याने ओढायचा. आधी एका बांगड्याला एवढा वेळ लागे की तवा तापून धूर यायचा. वहिनी पहिले काही दिवस घास घोळवत राहिल्या. मग एकदा बोलता बोलता, गाण्याच्या बाईंच्या नकला करता करता, घास न घोळवता गिळून गेल्या, आणि त्यांचं त्यांनाच कळलं नाही. मास्तरांना कळलं. ते काही बोलले नाहीत, बोलले असते तर भीती परत आली असती.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, "हं. या आठवड्यात या."

आधी एक डोळा झाला, मग यथावकाश दुसरा. वहिनींनी घरी आल्यावर सगळ्यात आधी स्वयंपाकघर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मास्तर पळी कुठे ठेवतात आणि तेल कुठे सांडतात, हे इतके दिवस त्यांना दिसलं नव्हतं ते बरंच होतं. मग डॉक्टरीणबाईंनी कामाची परवानगी दिली त्या सकाळी त्या पडदा सारून दुकानात आल्या. मास्तर सवयीने सुयांत दोरे ओवत होते.

"आणा इकडे," वहिनी म्हणाल्या. त्यांनी सुई उजेडात धरली आणि पहिल्या फटक्यात दोरा ओवला. दोघंही थोडा वेळ त्या सुईकडेच बघत राहिले.  मास्तरांनी टेप उगाच गुंडाळून ठेवला.

मग वहिनींची नजर खुंटीवरच्या तयार कोटाकडे गेली. नेव्ही ब्लू कोट, संध्याकाळी न्यायला येणार होता. त्यांनी तो खाली घेतला, मांडीवर पसरला आणि काजांवर डोळे टेकवले.

"ही कुणी केली?"

"तूच की," मास्तर म्हणाले. "शस्त्रक्रियेच्या आधी."

वहिनींनी अंगठा काजावरून फिरवला, पुढे आणि मागे. "अहो, माझा टाका मला बोटाला कळत नाही होय? दुपारी मी झोपले की तुम्ही उसवत होता, हे मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे."

मास्तरांचा आ वासला. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही माझ्यासाठी करत होता, म्हणून." त्यांनी कोट आणखी जवळ धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पण दिसायला इतकी भयंकर असतील असं नव्हतं वाटलं! अशी किती जणांना दिलीत?"

मास्तरांनी खाली बघत सांगितलं, "सगळ्यांना."

"सगळ्यांना?" वहिनींनी टाके उसवायची सुरी उचलली. "माझ्या नावावर? जा, मागून आणा सगळे कोट."

"अगं, लोक काय म्हणतील? आधी चिठ्ठ्या परत मागितल्या, आता कोट..."

"म्हणू देत. मला दिसतंय आता."

आयुष्यात बायकोची बोलणी खाऊन इतका आनंद मास्तरांना कधी झाला नव्हता. त्यांनी चपला घातल्या आणि पहिल्या गिऱ्हाइकाच्या घराकडे जवळजवळ पळतच निघाले.